पोचा

गंगापूर रोडला बेकरीच्या वरच्या मजल्यावर
काचेच्या दारावर लिहिलंय, कायरोप्रॅक्टिक.
ह्यांनी अक्षर अक्षर लावत वाचलं,
म्हणाले, "हाडवैद्याला आता असं म्हणतात होय,"
आणि चपला काढल्या, देवळाबाहेर काढतात तशा,
डाव्या हातानं.

उजवा तीन महिने ह्यांचं ऐकत नाही.
करंगळी बधिर, तिच्या शेजारचं बोट अर्धं बधिर,
खांद्याच्या पात्यामागं कुणी पेटती काडी धरून बसलेलं.
श्रावणात हातोडी निसटली. पायावर पडली नाही एवढंच.
समोरच्या दुकानातल्या दोघांनी पाहिलं
आणि न पाहिल्यासारखं करून चहा मागवला.
तांबट आळीत माणूस दिसावा लागत नाही,
ठोक्यावरून कळतं कोण कशावर बसलाय, घागरीवर की पराती­वर.
आमच्या दारातला ठोका अडखळायला लागला होता,
आणि सिंहस्थाच्या लोट्यांची ऑर्डर तर घेऊन बसलेलो.

बटणं मी लावायची, भांग मी पाडायचा.
वर बघायचे. आढ्यात काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखं.

डॉक्टरीण, शेवाळ्यांची ऋतिका, माझ्या धाकटीच्या वयाची.
"कधीपासून काम करता, काका?"
"अकराव्या वर्षापासून."
"दिवसाला किती ठोके?"
हे हसले. मग खरंच मोजायला लागले,
हंड्याच्या बुडाला इतके, गळ्याला इतके,
मठाराचे वेगळे...
तिनं पेन खाली ठेवलं.

एक्स-रे उजेडावर धरला. मान डावीकडे, मान उजवीकडे,
खांदा, कोपर, मनगट, मुठीची पकड.
मी कुजबुजले, "दुखतंय बोटात आणि ही मान काय बघतेय?"
"गप," हे म्हणाले.
"पोचा दिसतो तिथंच ठोकायचं नसतं."

मग टेबलावर पालथे, तोंड त्या भोकात.
तिनं तळवा टेकवला, श्वास सोडायला सांगितला,
आणि कट्.
मी खुर्चीतून अर्धी उठले.
खालून, भोकातून, ह्यांचा आवाज आला,
"बसलं."
भांड्याचा सांधा बसल्यावर म्हणतात तसंच, सहज.

"लगेच मोकळं वाटेल असं नाही," ती म्हणाली.
"चार आठवड्यांत मूठ भरली नाही
तर न्यूरोसर्जनकडे पाठवीन, उगीच ठेवून घेणार नाही.
आणि ऐरण चार बोटं उंच करून घ्या."

हे मात्र ह्यांना लागलं.
ऐरण आजोबांनी रोवलेली. तिला कोण हात लावणार?
दोन दिवस घुम्यासारखे राहिले.
तिसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहते तर
बसायचा पाट बाजूला, फरशी उचकटलेली,
चार बोटं माती उकरून
स्वतःच खाली जाऊन बसलेत.

सहा खेपा झाल्या.
करंगळी अजून सकाळी उशिरा उठते,
हंडा उचलायला पोराला हाक मारावी लागते.
पण काल डोळे मिटून लोट्यावरून बोट फिरवलं,
थांबले, मागं आणलं, परत फिरवलं.
"इथं जरा खरखर राहिलीय," म्हणाले,
आणि ती खरखर सापडल्याचा केवढा आनंद!

संध्याकाळी मी कल्हई करत होते.
हे मागून गेले, आणि जाता जाता
तोच हात माझ्या खांद्यावर ठेवला.
अंगठा दाबला. जरा सरकवला. परत दाबला.
"इथं पोचा आहे," म्हणाले. "कधीपासून?"

काय सांगणार. भात्याला वीज आली सत्त्याण्णवला,
त्याच्या आधी तो कोण ओढत होतं?
"असेल," मी म्हटलं, "आधीपासूनचा."

नवसागराचा धूर डोळ्यांत गेला होता.
हात तिथंच होता, काही न करता,
भांडं कानाशी धरून ऐकतात तसा.